सहावर नसलेली रेघ

मंगळवारच्या तालमीत मी बायकांच्या खालच्या आवाजाला मधेच थांबवलं आणि छडीनं फळ्यावरच्या सहावर टकटक केलं. "ही रेघ कुणाला दिसत नाही का? सहावर तिरकी रेघ आहे. म्हणजे अर्धा सूर वर. तुम्ही साधा ओ लावताय. गाताय की झोपा काढताय?" टोंगात आम्ही सूर आकड्यांनी लिहितो, तीनपासून नऊपर्यंत, आणि आकड्याच्या नावातला पहिला उच्चार गातो, सहाला ओ. रेघ मारलेला सहा म्हणजे तोच ओ, अर्ध्या पायरीनं चढलेला. हे इथे शेंबड्या पोरालाही येतं. बायकांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्या जागी आल्यावर त्यांनी तो ओ चढवला. पुरुषांचा खर्ज खाली जागच्या जागी होता, वर मुलींचा आवाज होता, आणि दोहोंच्या मधून तो सूर असा निघाला की मागच्या बाकावर चहाची वाट बघत बसलेले पाळकसाहेब तोंड पुसायचा रुमाल हातात तसाच धरून राहिले. गाणं बाबांचं होतं. ते गेल्यापासून कुणी गायलेलं नव्हतं. चर्चच्या यंदाच्या परिषदेसाठी मीच काढलं, आणि जुन्या कागदावरून फळ्यावर उतरवून दिलं सेमीसीनं. बाबांनी हे सूर सांगितले तेव्हा लिहून घेणारी मीच होते आणि मला ही रेघ काही आठवत नव्हती. पण बाबांचा काय नेम? आज लिहायला लावलेलं उद्या पुसायला लावत, परवा पुन्हा तेच. शेवटी शेवटी कुणाकडून तरी घालून घेतली असेल. बाबांचा एक सूर मला इतक्या वर्षांनी आज मिळाला, असं मला वाटलं, आणि मी तिथेच रडले असते. पण वृंदापुढे रडायची आमच्या घरात रीत नाही.

"सेमीसी," मी विचारलं, "कागदावर ही रेघ होती ना?"

सेमीसी माझा मदतनीस. चाळिशी उलटलेला गडी, दिवसा बंदरावर कारकुनी करतो. तो उठून उभा राहिला. "हो, बाई."

"मग यांना आधी का नाही सांगितलंस?"

"चुकलं, बाई."

मी मान डोलावून पुढच्या ओळीकडे वळले, आणि रेघ सहावरून उठली. आधी वाटलं खडूची भुकटी असेल, किंवा कोळ्याचा तंतू. ती सावकाश माझ्या नजरेच्या मागोमाग आली, आठावर थोडी रेंगाळली, मी भिंतीकडे पाहिलं तर भिंतीवर गेली, आणि तिथून पाळकसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर जाऊन बसली, अगदी छातीवर, काळी, टोकाला किंचित वळलेली. मी उजवा डोळा झाकला. सदरा स्वच्छ. डावा झाकला. रेघ हजर. मला भीती वाटली. नुसती भीती म्हणून चालणार नाही. मी फळ्याच्या चौकटीला हात टेकला. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि तिनं भीतीलाही मागे टाकलं. फळ्यावर रेघ नव्हती, कधीच नव्हती, आणि समोर बसलेल्या एकूण एक माणसाला ते दिसत होतं. आमच्यात मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हातारा लख्ख उन्हात उभा राहून पाऊस आला म्हणाला तर आम्ही डोक्यावर केळीचं पान धरतो, आणि घरी जाऊन कपडे बदलतो. मी नसलेली रेघ दाखवली आणि माझ्या वृंदानं ती गाऊन दाखवली, गोड गाऊन दाखवली. मी म्हणाले, "आज एवढं पुरे," आणि प्रार्थनेला डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांत रेघ नव्हती, म्हणून प्रार्थना संपल्यावरही मी डोळे थोडे उशिराच उघडले.

साखर आमच्याकडे नवी नाही. नुकुअलोफात, आमच्या राजधानीत, पन्नाशीचं माणूस साखरेशिवाय सापडलं तर लोक त्याला कुठल्या गावचे असं विचारतील. बाबांना होती, आत्याला होती, मला होती. थोरल्या बहिणीनं, वाइसिमाताईनं, कधी तपासलीच नाही, म्हणून तिला नव्हती. मी गोळ्या घ्यायचे, रविवारी घ्यायला विसरायचे. रविवारी भट्टीतून निघालेलं मटण आणि नारळाच्या घट्ट दुधात शिजलेली अळूची पानं समोर आली की गोळी घेणं म्हणजे यजमानाचा अपमान केल्यासारखं वाटतं. पायाची काळजी करायची हे ठाऊक होतं, पाय कापलेली माणसं रस्त्यात दिसतात. डोळ्याचं तसं नसतं. डोळा आतल्या आत कुजतो आणि वरून तसाच छान दिसतो. बाबांचे तर शेवटपर्यंत पाणीदार होते, परकी माणसं त्यांच्यापुढे फोटो धरायची. बाबांनाही आधी असंच काजळीचं काहीतरी दिसायचं. ते हातानं वारायचे, माशी समजून. मग उजवा गेला आणि दोन वर्षांनी डावा गेला, आणि त्या दोन वर्षांत कुणीही, मी धरून, त्यांना दवाखान्यात ओढून नेलं नाही, कारण ते नको म्हणाले होते आणि त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. त्यानंतर जे झालं ते सगळ्या बेटांवर सांगतात. आंधळा गुरुजी खुर्चीवर बसून छडी हलवतो आणि शंभर माणसांत कुणाचा सूर घसरला ते नावानिशी सांगतो. देवानं डोळे घेतले आणि कान दिले, असं पाळकसाहेबांच्या आधीचे पाळक म्हणाले, आणि ते वाक्य इतकं झकास होतं की सगळ्यांनी उचललं. लांबलांबच्या बेटांवरून लोक बाबांचा हात हातात घ्यायला यायचे. बाबा हसायचे. लोक गेले की मला विचारायचे, "तो कसा होता गं दिसायला? मला त्याचा बाप आठवतो, कानाशी चामखीळ होता." मी सांगायची. तालमीहून आलो की विचारायचे, पहिल्या रांगेत कोण बसलं होतं, खालच्या आवाजातल्या लाविनियानं केस कापले म्हणतात ते खरं का, ओ म्हणताना ती अजून भुवया वर करते का. त्यांना सूर ऐकू येत होतेच, त्याआधीही येत होते, कान त्यांना देवानं डोळे असतानाच दिले होते. त्यांना तोंडं हवी होती. गाणाऱ्यांची उघडी तोंडं. एकदा भर जेवणात त्यांनी ताटली भिंतीवर फेकली आणि म्हणाले, "मी काय पेटी आहे का वाजवायची?" ही गोष्ट बेटांवर कुणी सांगत नाही, कारण घरात मी एकटीच होते आणि मी कधी बोलले नाही.

आणि ते थेंब. डाव्या डोळ्यात दाब वाढला, कपाळ ठणकायला लागलं, तेव्हा कुठे डॉक्टर घरी आला आणि दिवसातून तीनदा घालायचे थेंब देऊन गेला. आता आमच्यात बापाच्या डोक्याला मुलांनी हात लावायचा नसतो. त्याच्या उशाशी बसायचं नाही, त्याचं उष्टं खायचं नाही, डोकं तर सोडाच. थेंब घालायचे तर मानानं बापाहून मोठ्या असलेल्या आत्यानं घालायचे, आणि आत्या राहायची गावाबाहेर, तिचेही गुडघे गेलेले. कधी यायची, कधी नाही. बाटली खिडकीत उभी असायची, मी तिच्याकडे बघत बसायची आणि बाबा आत कण्हत असायचे. एका दुपारी ते म्हणाले, "तोआकासे, आहेस का? घाल ते." मी म्हणाले, "आत्या येईल." ते म्हणाले, "मी देवाघरी गेलो तरी आत्या येणार नाही. घाल." मी आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या कपाळाला हात लावला. ते तापलेलं होतं आणि कातडी अगदी मऊ होती, हे मला कशाला कळायला हवं होतं? थेंब गालावर पडला, दुसरा डोळ्यात गेला. ताईला कळलं तेव्हा ती महिनाभर बोलली नाही. थोरल्या बहिणीचा मान आमच्याकडे आईपेक्षा मोठा. ती बोलली नाही की घर बोलत नाही. माझं काही जळलं नाही, हात झडला नाही. तेव्हापासून मला एक वाईट खोड लागली. सगळे मान खाली घालतात तिथे माझी वर होते.

बुधवारी सकाळी ताईकडे गेले तेव्हा ती पाव आणि चहा घेऊन बसली होती. तिच्या कपातला चमचा साखरेत उभा राहील अशी अवस्था. मी तिला रेघेचं सांगितलं.

"म्हणजे चुकलीस होय," ताई म्हणाली. "मला लाविनिया सकाळीच भेटली. म्हणाली, रात्री झोप आली नाही, तो सूर कानात होता. म्हणाली, म्हातारा परत आला."

"म्हातारा नाही आला. माझ्या डोळ्यात रक्त आलंय, बहुतेक."

"बहुतेक. डॉक्टरीण झालीस का?"

"आज जाते दवाखान्यात."

"जा. पण परिषद होऊ दे. शुक्रवारी गाणं आहे, आज बुधवार. डोळा काय दोन दिवसांत पळून जातोय?" तिनं पाव चहात बुडवला. "आणि गेलाच, देव न करो, तर तुला काय अडणार आहे? तुला गाणी पाठ आहेत. बाबांनी दहा वर्षं केलं की."

"बाबांनी ताटली फेकली होती."

"कुठली ताटली?"

मी तिला पहिल्यांदाच सांगितलं. ती पाव खात राहिली. मग म्हणाली, "साखर सगळ्यांनाच असते, तोआकासे. तू एकटीच तिचा एवढा तमाशा करतेस." ती उठली तेव्हा दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागला, आणि ती चौकटीलाच बोलली.

दवाखान्यात हेइलाला नावाची डॉक्टर होती. तिची आजी आमच्या वृंदात खालच्या आवाजात होती, तिचं तोंड तस्संच, गोल. तिनं बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, अंधारात बसवलं आणि माझ्या डोळ्यात उजेड घालून इतका वेळ बघत राहिली की मला तिच्या श्वासातला संत्र्याचा वास येऊ लागला. "डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्यात," ती म्हणाली. "कच्च्या असतात. त्यातली एक फुटली. थोडंच रक्त आहे. दुसऱ्या डोळ्यातही वाहिन्या आहेत, फुटल्या नाहीत अजून." मी म्हटलं, पुसून टाक. ती म्हणाली, पुसता येत नाही, आपोआप विरलं तर विरेल. पण लेझरनं पडदा भाजून घेतला तर पुढच्या फुटायच्या थांबतील. गेलेलं परत येणार नाही, आहे ते राहील, बहुतेक. "बाहेरच्या डॉक्टरांचं पथक आलंय, वर्षातून एकदा येतं. शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस. सकाळी साडेनऊला तुमचं नाव घालू? त्या दिवशी मग काही दिसणार नाही धड, घरी पडून राहायचं." मी म्हणाले, शुक्रवारी तीन वाजता मला गाणं आहे. तिलाही नाही म्हणायचं शिक्षण नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही ठरवा," आणि नुसत्या भुवया वर केल्या. मी म्हणाले, घाल नाव. म्हणाले खरी, पण दाराबाहेर उन्हात आले, मोठ्या झालेल्या बाहुल्यांत ऊन खिळ्यासारखं शिरलं, आणि मला वाटलं, कोण जाणार आहे शुक्रवारी. कुणाला कळणार आहे?

पुढचा दीड दिवस मी वीज कंपनीच्या कचेरीत टेबलाशी बसून कुणाचं ना कुणाचं मीटर बघत होते आणि रेघ कागदांवरून फिरत होती. ती आता ओळखीची झाली होती. खाली बघितलं की खाली सरकायची, मी थांबले की थोडी डुलून थांबायची. शेजारच्या टेबलावरची पोरगी गुणगुणत होती. तोच चढलेला ओ. तिला म्हटलं, हे कुठं ऐकलंस? म्हणाली, सगळे म्हणतायत, मावशी, तुमच्या बाबांचा हरवलेला सूर सापडला म्हणतात. हरवलेला सूर! दोन दिवसांत त्याला नावसुद्धा मिळालं. खरं सांगायचं तर मला मोह झाला. सूर चांगला होता. बाबांच्या साध्या सहापेक्षा चांगला होता, हे मी दुसऱ्या कुणापुढे कबूल करणार नाही. राहू दे ती रेघ. शुक्रवारी दवाखान्याकडे फिरकू नये, चर्चमध्ये उभं राहावं, हात वर करावा, आणि सगळ्या बेटांची माणसं रडताना बघावीत, जोवर दिसतायत तोवर. पुढे जे व्हायचं ते होईल. खुर्ची देतील, हात धरून नेतील, लांबून लोक येतील. आंधळ्या गुरुजींची आंधळी मुलगी. पाळकसाहेबांना वाक्य शोधायलाही लागणार नाही, जुनंच चालेल. सगळं तयार होतं, मी नुसतं आत जाऊन बसायचं होतं. मी टेबलाशी बसल्या बसल्या डोळे मिटून बघितले. पंख्याचा आवाज आला, पोरीची गुणगुण आली, कुणाच्या तरी डब्यातल्या डबाबंद मांसाचा वास आला. मी तसंच राहून बघितलं, किती वेळ राहवतं. आणि मग मला त्या पोरीचं तोंड बघावंसं वाटलं. ती काही सुंदर नाही, पुढचे दात फटीचे आहेत. पण मला तेच, त्या फटीसकट बघावंसं वाटलं, आणि ते दिसणार नाही अशी नुसती कल्पना केली तर मला इतका संताप आला की मी टेबलावर हात आपटला. पोरगी दचकली. म्हणाली, "चुकलं, मावशी." तिनं काय केलं होतं? काहीही नाही. चुकलं म्हणून मोकळी.

गुरुवारच्या शेवटच्या तालमीला चर्चचा हॉल गच्च भरला होता. हरवलेला सूर ऐकायला आजूबाजूची मंडळीही येऊन बसली होती. पाळकसाहेब पुढच्या बाकावर, समारंभाला आम्ही गुंडाळतो तशी नवी कोरी चटई कमरेला गुंडाळून. मी फळ्यापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "सेमीसी, ऊठ. कागदावर रेघ आहे का?"

तो उठला. मान खाली. "आहे, बाई."

"देवाच्या घरात उभा आहेस."

मागे कुणीतरी खाकरलं.

"नाही, बाई," सेमीसी म्हणाला.

"फळ्यावर आहे का?"

"नाही."

"मंगळवारी होती का?"

"नव्हती, बाई."

"मग हो का म्हणालास?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"मी खड्ड्यात उडी मार म्हणाले असते तर?"

"तुम्ही असं म्हणणार नाही, बाई," तो अगदी मनापासून म्हणाला, आणि बायका हसल्या. मलाही हसू आलं असतं. मी म्हणाले, "ऐका सगळ्यांनी. हा सूर बाबांचा नाही. मला साखर आहे, साखरेनं माझ्या डोळ्यात रक्त सांडलंय, त्याची रेघ मला सहावर दिसली. उद्या सकाळी मी डोळा भाजून घ्यायला जाणार आहे. दुपारी मला काही दिसणार नाही, म्हणून दुपारी मी उभी राहणार नाही. सेमीसी उभा राहील." साखर, रक्त, डोळा, हे शब्द त्या हॉलमध्ये असे सरळ कुणी उच्चारत नाही. आमच्याकडे माणूस 'थकतो', मग 'घरीच असतो', आणि मग त्याच्या दाराशी मयताच्या चटया न्यायच्या असतात.

लाविनिया उठली. सत्तरीची बाई, माझ्या लहानपणापासून खालच्या आवाजातली पहिली. "बाई, आम्हाला ठाऊक होतं रेघ नाही ते. पण आम्हाला आवडला. ठेवू या की."

"हो ना," पाळकसाहेब हळूच म्हणाले. त्यांचा आवाज मधासारखा आहे, त्याच आवाजात ते अंत्यविधीही करतात. "तोआकासे, कुठून आला यापेक्षा कशासाठी आला हे बघावं. तुझ्या डोळ्यातून का होईना, देवानंच दिला नसेल कशावरून? आणि उद्याचं म्हणशील तर तुझे वडील बघ. त्यांना डोळ्यांची गरज कधी भासली?"

मला पूर्वी कधीही इतका राग आला नव्हता आणि इतकं मोकळंही वाटलं नव्हतं. "साहेब, देवाला सूर लिहायचा असेल तर खडू इथे पडलाय," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यातलं रक्त कशाला हवं? आणि बाबांना डोळ्यांची गरज रोज भासायची. रोज. मला विचारा, मी त्यांच्या घरात होते. लाविनिया, तू केस कापलेस तेव्हा कशी दिसतेस ते त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं होतं." लाविनियानं तोंडावर हात घेतला. पाळकसाहेब आपल्या चटईचा काठ नीट करू लागले. मी छडी उचलून सहावर टेकवली. "साधा ओ. या दुखण्यानं माझे पाय घ्यावेत, जीभ बांधावी, डोळा घ्यावा. माझ्या बापाच्या गाण्यात त्याला एक सूर लिहू देणार नाही. गा." आणि ते गायले. साधा ओ साधाच होता. कुणी रुमाल काढला नाही. संपल्यावर मी छडी सेमीसीच्या हातात दिली, त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाला, "बाई, उद्या ऐनवेळी बायकांनी चढवला तर?" मी म्हणाले, "तर नाही म्हण. शीक."

शुक्रवारी सकाळी ताई न बोलावता आली, काळे कपडे, कमरेला मोठी चटई, परिषदेच्या तयारीनं. दवाखान्याच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसली. आत पथकातला डॉक्टर उंच होता, त्याचे हात गार होते. त्यानं हनुवटी टेकवायला सांगितली, डोळ्यावर काचेचं भिंग चिकटवलं, हेइलाला माझं डोकं मागून धरून उभी राहिली. तिनं आधी विचारलं, "मावशी, डोक्याला हात लावू?" मी म्हणाले, घट्ट धर. मग हिरवे फटके सुरू झाले. पहिले नुसते उजेडाचे होते, मग त्यातला एखादा आत कुठेतरी लागायचा, दाताच्या मुळाशी सुई जावी तसा, आणि डोकं मागे जायला बघायचं. डॉक्टर थांबून काहीतरी म्हणाला. हेइलाला म्हणाली, "विचारतायत, फार दुखत असेल तर अर्ध्यावर थांबू का, बाकीचं पुढच्या वर्षी." मी म्हणाले, "त्याला सांग, मध्येच उठलास तर छडी घेऊन मागे लागेन." तिनं काय सांगितलं कोण जाणे, तो हसला आणि पुढे चालू झाला. मी मनातल्या मनात त्या दुखण्याला ज्या शिव्या दिल्या त्या मला येतात हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी शिव्या संपल्या आणि नुसतं रडू आलं. रडतानाही हलले नाही.

बाहेर आले तेव्हा जग पांढरं होतं आणि त्यात जांभळे डाग होते. ताईचा आवाज डावीकडून आला, तिनं माझा दंड धरला. आम्ही फाटकाशी टॅक्सीची वाट बघत उभ्या राहिलो. परिषदेला जायला अजून वेळ होता. मला खालच्या आवाजाच्या मागे एका बाकावर बसवायचं असं तिनं ठरवलं होतं. मला ऐकायचं होतं ते. सेमीसीला नाही म्हणता येतं का, हे ऐकायचं होतं.

"दुखतं का गं फार?" ताईनं विचारलं.

"दुखतं."

रस्त्यावरून एक गाडी गेली, टॅक्सी नव्हती बहुतेक, कारण ताई हलली नाही.

"तुला ती रेघ," ती म्हणाली, "एकाच डोळ्यात दिसायची का?"

मी तिच्याकडे वळले. तिच्या तोंडाच्या जागी मला पांढरा उजेड दिसत होता. पण आवाज मला ऐकू येत होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नव्हता, कुणातरी लहान पोरीचा होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रेघ नाही. काजळी. डावीकडून पडदा ओढल्यासारखं." ती घाईघाईनं म्हणाली, "इस्टरपासून. मग म्हटलं, जाईल. आज आपला दिवस नाही, तोआकासे. माझं नाव कुठं आहे रांगेत? आणि तिकडे गाणं सुरू होईल."

"होऊ दे."

"तुला ऐकायचं होतं ना?"

"गातील ते. पथक पाचपर्यंत आहे, रांगेच्या शेवटी बसू." मी तिच्या हातातून दंड सोडवला आणि तिचा हात धरला. तिला फाटकाकडून दवाखान्याकडे वळवलं. थोरल्या बहिणीला असं धरून वळवत नाहीत. तिनं पाय रोवले.

"मी नको म्हणतेय," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"अगं, तुला समोरचं दिसत नाही. दोघी पडू."

"तुला दिसतंय ना अजून?" मी म्हणाले. "मग पुढे बघ, आणि चल."